कागद न्यायला परवानगी आहे

राजारामपुरी, कोल्हापूर
१४ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

इकडं सगळं ठीक. किरणोत्सवाची गर्दी ओसरली, गुऱ्हाळं लागलीत, आणि आमच्या कॉलेजात परीक्षेची गडबड सुरू झालीय. आई, दादा म्हणत होता की गुडघ्याची गोळी तू चुकवतेस. त्यावर फोनवर बोलू.

बाबा, हे पत्र खरं तर तुम्हाला आहे. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना गणिताच्या चाचणीत स्वतःच्या टिपणांचा एक कागद आणायची परवानगी दिलीय म्हटल्यावर तुम्ही "म्हणजे आता मास्तरच कॉपी पुरवणार!" म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. तुमच्याशी फोनवर वाद घालून कुणाचं भलं झालंय? म्हणून लिहितेय.

तुमच्या वेळी परीक्षेत लॉगटेबल चालायचं, आठवतंय? २ चा लॉग बघायला गेलं की टेबलात ३०१० दिसतं. २० ला तेच, २०० ला तेच, ०.०२ लाही तेच. त्याच्या आधी शून्य, एक, दोन की बार टू (म्हणजे वजा दोन), हे टेबल सांगत नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. ते ज्याला कळलं नाही त्याचं उत्तर टेबल हातात असूनही शंभरपट चुकायचं. आमच्याकडचे मेकॅनिकलवाले आजही स्टीम टेबल, म्हणजे वाफेच्या आकड्यांचे तक्ते, घेऊनच पेपरला बसतात, सिव्हिलवाल्यांना काँक्रीटच्या पेपरात आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक, लागतं. त्यांना कुणी कॉपीबहाद्दर म्हणत नाही. मग गणितानंच काय घोडं मारलंय?

नियम कडक आहेत. ए-फोरचा एकच कागद, दोन्ही बाजू वापरा, पण अक्षर स्वतःचं पाहिजे, आणि पेपर संपला की उत्तरपत्रिकेला जोडून द्यायचा. हाताचं अक्षर अशासाठी, की नाहीतर सगळी पोरं झेरॉक्सवाल्याकडं मायक्रो, म्हणजे बारीक करून काढलेल्या झेरॉक्स, काढायला रांग लावतील. त्यात कुणाचं काही शिकून होत नाही, झेरॉक्सवाल्याचं तेवढं होतं.

खरी गंमत पोरं कागदावर काय घेतात त्यात आहे. बहुतेकांना वाटतं, जेवढं मावेल तेवढं कोंबावं. मुंगीच्या पायाएवढं अक्षर, चारी बाजूंना समास नाही, आणि त्यात साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर एक! ज्याला एवढंही लिहून न्यावं लागतं त्याला कागद तरी कसा तारणार? काहीजण दोन पुस्तकांतनं सूत्रं उतरवतात, ते तर आणखी धोक्याचं. फूरिये ट्रान्सफॉर्म म्हणजे फलनाचं रूप बदलायची एक रीत. तिचं सूत्र एका पुस्तकात सुटं, कशानंही न भागलेलं असतं आणि उलट फिरवताना दोन पायनं (२π नं) भागतात. दुसऱ्या पुस्तकात दोन्हीकडं दोन पायचं वर्गमूळ वाटून घेतलेलं असतं. जायचं एका पुस्तकानं, यायचं दुसऱ्यानं, की उत्तरात वर्गमूळ दोन पायचा घोळ ठरलेला. सूत्रं दोन्ही बरोबर, उत्तर चूक.

एका मुलीचा कागद मात्र मी बाजूला काढून ठेवला. निम्मा कोरा होता. फूरिये मालिकेत फलन साइन-कॉसच्या बेरजेत मांडतात, ए आणि बी हे तिचे सहगुणक. त्यासाठी तिनं लिहिलं होतं, "ए-शून्याचा निम्मा मालिकेत धरलाय, म्हणून तो काढताना परत भागू नकोस," आणि त्याखाली, "फलन सम असेल तर बी-एन शोधत बसू नकोस, शून्यच आहे." लाप्लास ही टी मधलं फलन एस मध्ये बदलायची दुसरी रीत, तिच्यात ई चा घात अधिक असला तर एस मधनं वजा आणि वजा असला तर अधिक, एवढंच, कारण तिथं ती चिन्हाला गोंधळते. आणि एक उदाहरण पूर्ण सोडवलेलं: टी वर्ग, पण टी बरोबर एक पासून सुरू होणारा. तिथं टी वर्ग आधी 'टी वजा एक'च्या भाषेत मांडावा लागतो, त्याचा वर्ग, अधिक त्याची दुप्पट, अधिक एक. मगच सूत्र लागू होतं. वर्गात निम्मी पोरं ही मांडणी न करताच सूत्र लावतात. तिनं सूत्र नाही लिहिलं, ही मांडणी लिहिली.

आता मी सगळ्यांना तेच करायला सांगते. जुने पेपर पुस्तक मिटून सोडवा. जिथं पुस्तक उघडावंच लागलं, तिथं काय बघितलं ते टिपून ठेवा. जे दोनदा बघावं लागलं ते कागदावर. बाबा, अडतीवर तुमच्या खिशात ती छोटी वही असायची, तिच्यात गुळाचा भाव कधी लिहिलेला नसायचा. तो तोंडावर असायचा. कुणाची उचल किती बाकी, तेवढंच.

पूर्ण पुस्तकच आणू दे, असंही आमच्यातले काही म्हणतात. मला ते पटत नाही. तासाभराचा पेपर, त्यातली वीस मिनिटं पानं उलटण्यात जायची, आणि पुस्तक हाताशी आहे म्हणून आधी कुणी उघडायचंच नाही.

काम माझंच वाढलंय, ते वेगळं. 'सूत्र लिहा' हा दोन मार्कांचा प्रश्न आता विचारता येत नाही. त्याऐवजी सोडवलेलं उदाहरण देते आणि कुठल्या पायरीला चुकलंय ते शोधायला सांगते. त्यात कागद कितीही भरलेला असला तरी उपयोग नाही, आणि ज्यांच्या नुसत्या पाठांतरावर आजवर निभावलं ती पोरं त्या प्रश्नावर माझ्याकडं रागानं बघतात.

आई, तुला वाटेल मी पाठांतराच्या विरोधात आहे. तसं नाही. तुझी पावकी, निमकी, सवायकी, औटकी अजून खडाखड येते आणि भाजीवाल्याचा मोबाईल बाहेर येईपर्यंत तुझा हिशेब झालेला असतो. साध्या फलनांचं डेरिव्हेटिव्ह, बेरजा-वजाबाक्या, अपूर्णांक हे डोक्यातच पाहिजे, कागदावर बघून ते करायला लागलं तर माणूस पुढच्या पायरीला पोचतच नाही. पण लाप्लासची सगळी यादी डोक्यात ठेवून कुणी इंजिनिअर झालेला नाही.

सोमवारी चाचणी आहे. कागद जमा झाले की त्यातले दोन-तीन नावं झाकून झेरॉक्स करून पाठवते. बाबा, चष्मा लावून नीट बघा आणि यातली कॉपी कुठली ते कळवा. दादाला विचारायचं नाही.

तुमची,
बेबी