सांध्याचा स्टिकर नुसता क्लेमलाच लावायचा का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत रोबोटने गुडघा बदलण्यावर पानभर लेख आला होता, फोटो पण मस्त होते, त्यावरून लिहितोय. मी हाडांचा सर्जन, सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो, आणि नुकताच ट्रॅव्हलिंग फेलोशिपवर इंग्लंडला जाऊन आलो. यात एका जागी बसून शिकायचं नसतं, थोडे दिवस झाले की बॅग उचलायची, ट्रेन पकडायची, नवीन हॉस्पिटल, सकाळी थिएटरमध्ये उभं राहायचं आणि संध्याकाळी आपल्या केसेस त्यांना दाखवायच्या. तिकडच्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन नाही म्हणून पेशंटला हात लावता येत नाही, नुसतं बघायचं. इथं रोज ऑपरेशन करणाऱ्याला तिथं हाताची घडी घालून उभं राहणं लई जड जातं, पण हात रिकामे असले की नजर इकडेतिकडे फिरते, तेवढा फायदा झाला.

परत आल्यापासून जो तो विचारतो, तिकडं कुठलं मशीन बघितलं. अहो, पुण्या-मुंबईत त्याहून नवी मशिनं आहेत, आणि हातात म्हणाल तर आपली पोरं कुठंच कमी नाहीत. माझ्या डोक्यात बसलेत ते स्टिकर.

सांधा बसला, ज्युनियर टाके घालायला लागला, की तिथली नर्स इम्प्लांटच्या खोक्यातले स्टिकर सोलून एका फॉर्मवर चिकटवते. कप, स्टेम, हेड हे सांध्याचे सुटे भाग, अगदी सिमेंटचा पण, प्रत्येकावर लॉट नंबर, म्हणजे तो भाग कुठल्या खेपेत बनला त्याचा नंबर. पेशंटची संमती असली की हे सगळं नॅशनल जॉइंट रजिस्ट्रीत, म्हणजे बदललेल्या सांध्यांच्या तिथल्या राष्ट्रीय नोंदवहीत जातं. २००३ पासून चालू आहे आणि तीस लाखांच्या वर ऑपरेशनं त्यात आहेत. उद्या त्याच माणसाचा तोच सांधा दुसऱ्या गावात परत उघडावा लागला तर दोन्ही नोंदी जुळतात, कुठलं इम्प्लांट किती वर्षं टिकलं ते कळतं आणि कुणी बसवलं होतं ते पण. एका सिनियर सर्जननं कॉफी पिता पिता स्वतःचा रिपोर्ट मोबाईलवर दाखवला, आलेखावर एक ठिपका म्हणजे तो स्वतः, ठिपका वरच्या रेषेबाहेर गेला, म्हणजे बसवलेले सांधे अपेक्षेपेक्षा जास्त बिघडले, की पत्र येतं. हसत दाखवत होता, पण झूम करून परत एकदा बघितलंच त्यानं.

ही सवय तिथं रजिस्ट्रीच्या आधीची आहे. विगनजवळच्या राइटिंग्टनला, जे मुळात टीबीचं हॉस्पिटल होतं, जॉन चार्नली यांनी खुब्याचा कृत्रिम सांधा घडवला. आधी टेफ्लॉनचे कप बसवले, ते काही वर्षांत झिजले, पेशंट परत यायला लागले, तर माणसानं ते लपवलं नाही, परत ऑपरेशनं केली, टेफ्लॉन शरीरात काय करतं ते बघायला स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं, आणि १९६२ च्या नोव्हेंबरपासून पॉलिथिलीनचा कप वापरायला लागले. पेशंटना ते सांगून ठेवायचे की तुमच्या पश्चात हा सांधा तपासायला परत द्या, आणि लोक देत पण होते!

आता आपलं बघा. एएसआर नावाचा धातूवर धातूचा खुबा २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला गेला, तो लवकर बिघडतो हे ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनच्या रजिस्ट्रीत दिसलं होतं. भारतात तो सुमारे ४,७०० ऑपरेशनांमध्ये बसवला गेला, आणि केंद्राच्या समितीनं शोध घेतला तर ३,६०० च्या वर पेशंटचा पत्ताच लागला नाही. मोटरसायकलच्या पार्टमध्ये खोट निघाली तर शोरूमवाला घरी फोन करतो, आणि इथं माणसाच्या खुब्यात काय आहे हे कुणाकडं लिहिलेलं नाही.

स्टिकर आपल्याकडं पण तेच येतात. आम्ही ते सोलतो आणि मेडिक्लेमच्या फाईलला चिकटवतो, बिल पास झालं की फाईल गेली रद्दीत. हाडांच्या सर्जनच्या संघटनेची एक रजिस्ट्री आहे, पण मनावर, ज्याला वाटेल त्यानं भरायची. २०१७ ला केंद्रानं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला कॅप लावली ते चांगलंच झालं, पण स्वस्त झालेला गुडघा टिकतो किती ते कोण बघणार? तिकडचे आकडे आपल्याला पूर्ण लागू पण होत नाहीत, त्यांची आजी खुर्चीत बसते, आमच्याकडं पेशंट पहिला प्रश्न विचारतो, डॉक्टर, मांडी घालता येईल ना? देवपूजेला बसायचंय.

सरकारी योजनेतून होणाऱ्या ऑपरेशनांची कागदपत्रं ऑनलाइन चढवावीच लागतात, त्यातच लॉट नंबरचा रकाना सक्तीचा करावा आणि क्लेम पास झाल्यावर तो डेटा पुसू नये, राज्याच्या आरोग्य खात्याला हे जमण्यासारखं आहे. डॉक्टर लोक कुरकुर करतील, आमच्यावर बोट दाखवायला करताय म्हणतील, मला पण तो ठिपका बघून पोटात गोळा आला होता, खोटं कशाला सांगू. म्हणून सुरुवातीला नावं जाहीर करू नका, ज्याचा रिपोर्ट त्यालाच द्या, तिकडं पण नावं मागाहून बाहेर आली.

तोवर वाचकांना एवढंच सांगतो, घरात कुणाचा सांधा बदलणार असाल तर डिस्चार्ज कार्डवर ते स्टिकर चिकटवून मागा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून मुलांना पाठवून ठेवा. द्यायला कुणी नाही म्हणत नाही.

– एक अस्थिरोग सर्जन, जि. सातारा