छातीतला किडा आणि छत्तीस गुण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत एलियन रोमान्सवर लेख आला होता त्यावर हे पत्र. लेखाचा सूर असा की निळ्या, शिंगवाल्या परग्रहवासी बाप्यांच्या प्रेमात पडणाऱ्या बायकांच्या गोष्टी म्हणजे नुसता टाइमपास, आणि वाचणाऱ्या कोण तर विशीतल्या पोरी. मी ४९ वर्षांची आहे, ज्युनियर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते आणि गेली तीनेक वर्षं रात्री मोबाईलचा ब्राइटनेस कमी करून हेच वाचते, शेजारी नवरा घोरत असतो. टिंगलीला माझी ना नाही, तिथं टिंगल करण्यासारखं पोत्यानं आहे, पण तुमच्या लेखकानं नेमकी चुकीच्या गोष्टीची केलीय आणि एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नसावं अशी मला दाट शंका आहे.

अर्धा लेख शिंगं, शेपटी आणि निळ्या रंगावर. अहो ते तर कव्हर झालं! रुबी डिक्सनची ती बर्फाच्या ग्रहावरची सिरीज घ्या, २०१५ मध्ये बाईनं स्वतःच ई-बुकच्या तुकड्यातुकड्यांनी काढली, २०२१ ला टिकटॉकवर उचलली गेली (आपल्याकडे तोवर टिकटॉक बंद, म्हणून आपल्याला ते रील्सवरून शिळं मिळालं) आणि मग मोठ्या प्रकाशनानं छापील आवृत्ती आणली. त्यात खरी गंमत शिंगांची नाहीच, किड्याची आहे. त्या ग्रहावर जगायचं तर 'खुई' नावाचा एक जीव अंगात घ्यावा लागतो, नाहीतर माणूस आठवडाभरात मरणार. परजीवी म्हणतात पण खरं तर सहजीवी म्हणायला हवं, असो, शिक्षकाची खोड. तर हा जीव तुम्हाला जगवतो आणि वर योग्य जोडीदार समोर आला की छातीत घुर्र घुर्र करायला लागतो. मूल कुणाशी व्हायचं ते तोच ठरवणार.

हे मी सासूबाईंना सांगितलं. मेथी निवडत बसल्या होत्या, त्यांना मी वाचते ते सगळं सांगावं लागतं. म्हणाल्या, "म्हणजे पत्रिका जुळली म्हण की. आमच्या वेळी भटजी घुरघुरायचे." मी हसत सुटले तर त्या शांतपणे एक पिवळं पान बाजूला टाकून, "आणि नको त्याच्यासाठी घुरघुरला तर?"

तेच तर! माझी तक्रार हीच आहे. या प्रकारातली ढिगानं पुस्तकं अशी की जोडी वरूनच ठरलेली, कधी किडा ठरवतो कधी वास कधी अंगावरचं चिन्ह, आणि मग उरलेली दोनशे पानं नुसती फॉर्म भरायची. आकाशगंगा ओलांडून पलीकडे जायचं आणि तिथं परत छत्तीस गुणच जुळवायचे, याची करा की टिंगल.

पण जी चांगली आहेत त्यात परका माणूस (माणूस म्हणजे, कळलं ना) खरोखर परका असतो. फिलिप होजे फार्मरची 'द लव्हर्स' १९५२ ची, एका मासिकात छापून आली त्याआधी दोन नावाजलेल्या संपादकांनी ती परत पाठवली होती. नायक पृथ्वीवरच्या कडक धर्मराज्यात वाढलेला, परग्रहावर एका बाईच्या प्रेमात पडतो. ती 'लालिथा' जातीची, मला वाचताना सारखं ललिताच वाटायचं. दिसायला हुबेहूब बाई पण वंश किड्यांचा. ती सतत दारू पिते. याला वाटतं व्यसन लागलंय बिचारीला, म्हणून तिला न सांगता, अगदी प्रेमापोटी, तिच्या बाटलीत दुसरंच काही भरून ठेवतो. ती दारू म्हणजे तिचं गर्भनिरोधक होतं हो! त्या जातीत गरोदर राहणं म्हणजे मरण, पिल्लं आईला खाऊनच वाढतात. आपल्याकडे झुडपांवर एकत्र जाळं करून राहणारे कोळी असतात ना, त्यांच्यातल्या एका जातीतही पिल्लं आईला खातात, तो धडा शिकवताना आता दरवेळी मला ती बाटली आठवते. बायकोच्या भल्यासाठी तिला न विचारता निर्णय घेणारे नवरे शोधायला परग्रहावर कशाला जायला हवं!

आणि ऑक्टेव्हिया बटलर, अमेरिकी लेखिका. तिच्या 'डॉन' (म्हणजे पहाट) कादंबरीत (१९८७) अणुयुद्धानंतर वाचलेल्या लिलिथला एका खोलीत परग्रहवासीयाबरोबर ठेवतात, त्याच्या अंगभर गांडुळासारखे स्पर्शतंतू. तिला त्याच्याकडे बघवत नाही. पानंच्या पानं नुसतं एवढंच, की ती आधी मान वळवते, मग जरा बघते, परत भिंतीकडे तोंड करते. या परग्रहवासीयांत नर आणि मादीखेरीज 'ऊलॉय' नावाचं तिसरं लिंग असतं, आणि पुढं प्रेम म्हणावं की जबरदस्ती हे मला अजून ठरवता आलेलं नाही, दोनदा वाचून. असलं पुस्तक नुसता टाइमपास कसं काय?

राहिला तो 'वैज्ञानिकदृष्ट्या अशक्य' वाला टोमणा. कबूल. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराला ६३ मिळतात आणि बहुतेक खेचरं वांझ निघतात, ही तर एकाच ग्रहावरची चुलत भावंडं. 'स्टार ट्रेक'मधल्या अर्ध्या माणूस, अर्ध्या परग्रहवासी स्पॉकसारखी संकरित संतती म्हणजे माणूस आणि पेट्युनियाचं मूल होण्यासारखं, अशी थट्टा खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगननं कधीच करून ठेवलीय. माझ्या बाल्कनीत दोन कुंड्या आहेत पेट्युनियाच्या, तसा काही धोका वाटत नाही. पण मूल कसं होणार हे वाचायला कोण जातं, दोघं एका घरात राहणार कशी हे वाचायला जातो आपण. सासूबाईंचा पहिला प्रश्न तर 'ती तिथं खाते काय' हा होता.

एवढंच म्हणणं आहे की डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांची जशी तुम्ही नीट परीक्षणं छापता, चांगलीला चांगलं आणि टुकारला टुकार म्हणता, तशी या पुस्तकांचीही छापा. तुमच्या लेखकाला बटलर हवी असेल तर माझी प्रत पाठवते, मात्र परत पाहिजे. स्टाफरूममध्ये एकीला फार्मर दिला होता तो दिवाळीपासून आलेला नाही.

आपली,
एक वाचक, सांगली