मंदीची बातमी आणि खान्देशचा बाजार : राज्याच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वित्त व नियोजन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार. जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्यात आमचं कापडाचं दुकान आहे. लग्नाचे बस्ते आणि आखाजी (अक्षय्य तृतीया)-दिवाळीची खरेदी यांवरच ते चालतं. माणूस कधी मोकळ्या हाताने खर्च करतो आणि कधी हात आखडतो, हे गादीवर बसून रोज दिसतं. अर्थ व सांख्यिकी संचालनालय आपल्या नियोजन विभागाखाली येतं, म्हणून हे पत्र आपल्याला.

नोव्हेंबर २०२० मध्ये देश ‘तांत्रिक मंदी’त गेल्याची बातमी आली. सलग दोन तिमाही जीडीपी, म्हणजे देशाचं एकूण उत्पादन, घटला की तसं म्हणतात. तेव्हाच्या अंदाजानुसार एप्रिल-जूनमधली घट २३.९ टक्के होती, जुलै-सप्टेंबरमधली ७.५ टक्के. ते आकडे लोकांना सांगायलाच हवे होते. पण त्याच तक्त्यात शेतीचा आकडा दोन्ही तिमाहींत ३.४ टक्के वाढीचा होता. आमच्या तालुक्यात तो कुणाच्याही तोंडी ऐकला नाही, २३.९ मात्र चहाच्या टपरीवरही पाठ झाला होता. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला ५,८२५ रुपये हमीभाव होता, सीसीआयची (सरकारी कापूस महामंडळाची) खरेदी चालू होती. कापसाचे पैसे खात्यात जमा झालेली माणसं दुकानात यायची, ‘फुडे काय व्हई, कोन्ले माहीत?’ म्हणायची आणि बस्ता निम्म्यावर आणायची.

त्याच गावात दुसरंही घर असायचं. पोरगा सुरतला यंत्रमागावर, काम बंद पडल्यामुळे परत आलेला. त्या घराने हात आखडला तो बातमीमुळे नव्हे, खिशामुळे. दोन्ही घरांनी बातमी एकच ऐकली. कुणाला खरंच जपून राहायला हवं होतं आणि कुणाला नाही, हे त्या बातमीत कुठेच नव्हतं.

बस्ता निम्म्यावर आला की शिंप्याची शिलाई जाते, जळगावच्या फुले मार्केटमधल्या घाऊक व्यापाऱ्याकडची आमची मागणी घटते, टेम्पोवाल्याच्या फेऱ्या कमी होतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला ठरतं. मालकाच्या मनात धास्ती असेल तर सालाची रक्कम वाढत नाही, आणि त्या घरचा खर्च मग वर्षभर तसाच दबून राहतो. प्रत्येकाने शहाणपणाने काटकसर केली तरी सगळ्यांचं मिळून उत्पन्न घटतं, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० च्या दशकातल्या महामंदीत ठासून सांगितलं होतं. भीती आधी येते, मंदी तिच्या मागून गावात शिरते.

केळीवाल्यांना हे वेगळं समजावायला नको. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव मोबाइलवर आला की रावेर-यावलच्या बांधावरचा सौदा त्यावर ठरतो, माल कितीही चांगला असो.

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतले अर्थतज्ज्ञ मार्क डॉम्स आणि नॉर्मन मोरिन यांनी २००४ मध्ये हाच प्रश्न तपासला. बातम्यांचा सूर आणि त्यांचं प्रमाण यांमुळे ग्राहकांचं मत कधीकधी अर्थव्यवस्थेच्या प्रत्यक्ष स्थितीपासून दूर जातं, असं त्यांना आढळलं. असा परिणाम फार काळ टिकत नाही, काही महिन्यांत ओसरतो. पण आमचा हंगामच काही महिन्यांचा असतो, साहेब. बस्त्याचे दोन महिने गेले की ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षीच येतं.

म्हणून माध्यमांना आवर घाला, अशी मागणी मी करणार नाही. सप्टेंबर २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक या ब्रिटिश बँकेने तातडीची मदत मागितल्याची बातमी बीबीसीने दिली आणि दुसऱ्या दिवशी बँकेच्या दारात रांगा लागल्या. बातमी खरी होती. ती दाबून बँक सावरली नसती. जळगाव जिल्ह्यात पतसंस्था अडचणीत आल्या तेव्हा ठेवीदारांचं नुकसान झालं ते बातमी उशिरा कळल्यामुळे. म्हाताऱ्या माणसांच्या आयुष्यभराच्या पुंज्या अडकल्या. सगळं छान चाललं आहे अशा सरकारी जाहिरातीही नकोत. ज्याच्या घरातला पोरगा रिकामा बसला आहे तो त्या जाहिरातीवर विश्वास ठेवत नाही, आणि नंतर खऱ्या आकड्यावरही ठेवत नाही.

आम्हाला आमच्या भागाचा आकडा हवा आहे. रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी ग्राहकांचा विश्वास मोजते, पण तिच्या शहरी पाहणीतल्या १९ शहरांत महाराष्ट्रातून मुंबई आणि नागपूरच आहेत. आपलं संचालनालय जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन काढतं, मेहनतीने काढतं, पण ते वर्षातून एकदा. आखाजीच्या आधी खर्चाचा विचार करणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग?

दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जिल्ह्याचं एक पानी पत्रक काढा. बाजार समित्यांतली कापूस, केळी, मक्याची आवक आणि भाव, सावदा-रावेरहून किती केळी रेल्वेने गेली, आरटीओत किती दुचाकी आणि ट्रॅक्टर नोंदले गेले, जीएसटी किती जमला, रोजगार हमीवर किती लोकांनी काम मागितलं. शेजारी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा. सगळं सोप्या मराठीत. यातली बहुतेक माहिती कोणत्या ना कोणत्या कार्यालयात आधीच जमा होते. पत्रक त्याच दिवशी स्थानिक वर्तमानपत्रांना पाठवा, आकाशवाणी जळगावला वाचून दाखवायची विनंती करा. तालुक्याच्या बातमीदारावर राग काढून उपयोग नाही. त्याच्या हातात दिल्ली-मुंबईचीच बातमी असते, तर तो तीच छापणार. महिना वाईट गेला असेल तर तसंच स्पष्ट छापा. वाईट आकडा पचवायची ताकद आमच्यात आहे, दुष्काळ आम्ही पाहिलेत.

धुळे आणि नंदुरबारची पत्रकं वेगळी हवीत. धडगाव-अक्कलकुव्याची माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. तिथलं काम घटलं तर ते जळगावच्या सराफ बाजारातल्या उलाढालीवरून कळणार नाही.

आपला,
पारोळ्यातील एक कापड दुकानदार