आफ्टर इफेक्ट्स की न्यूक?

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन केलास तेव्हा मी अंधेरीहून सुटलेल्या लोकलमध्ये लटकत होतो, धड बोलता आलं नाही. आफ्टर इफेक्ट्स आणि न्यूक, शॉटवर अक्षरं, चित्रं, थ्रीडी चढवायची ही दोन सॉफ्टवेअर; त्यातलं कोणतं शिकू, असं तू विचारत होतीस, म्हणून लिहितोय.

आधी एक सांगतो, तू म्हणतेस त्या क्लासची फी एवढ्यात भरू नकोस. 'आधी आफ्टर इफेक्ट्स, मग न्यूक' असं पायऱ्या लावून ते सांगतात, पण त्या एका जिन्याच्या पायऱ्या नाहीतच. दोन्हींचा जन्म १९९३चा. आफ्टर इफेक्ट्स बाजारात विकायला आलं, तर न्यूक डिजिटल डोमेन या व्हीएफएक्स (सिनेमातली संगणकी दृश्यं) स्टुडिओनं स्वतःच्या कामापुरतं लिहिलं. तो फरक अजून जाणवतो.

आमच्या प्रोमोच्या कामाला आफ्टर इफेक्ट्सच हवं. अक्षरं नाचवायची, लोगो उलगडायचा, इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरची फाइल लेयरसकट (एकावर एक ठेवलेल्या थरांसकट) आत घ्यायची. संध्याकाळी चॅनलवरून फोन येतो, 'रात्री ८'चं 'रात्री ८.३०' करा. (हा फोन आपण जेवायला बसल्यावरच येतो.) टेक्स्ट लेयर उघडायचा, बदलायचा, रेंडर लावायचा, म्हणजे तयार व्हिडिओ काढायचा. बातम्यांचे ॲस्टन (खाली येणाऱ्या नावाच्या पट्ट्या), जाहिरातींचे शेवटचे पॅकशॉट (वस्तू दाखवणारे शॉट) हे सगळं तिथलंच.

पण फिल्मसिटीत हिरव्या पडद्यासमोर घेतलेला शॉट (तो हिरवा काढून मागे दुसरं चित्र लावायचं), मागे थ्रीडीतला महाल, धूर, वायर पुसायची, कॅमेरा हलतोय, असं काम लेयरवर रचायला घेतलं की प्रीकॉम्पच्या (बऱ्याच लेयरच्या गाठोड्याच्या) आत प्रीकॉम्प जातो आणि चार दिवसांनी आपलंच आपल्याला उमगत नाही. न्यूकमध्ये प्रत्येक क्रिया एक नोड, म्हणजे रेघांनी दुसऱ्यांना जोडलेला एक ठोकळा. कुठून काय आलं आणि कुठे गेलं, ते समोर मांडलेलं. थ्रीडीवाल्यांच्या ईएक्सआर फाइलमधून (तिच्यात चित्राचे वेगवेगळे भाग एकत्र साठवता येतात) डेप्थ म्हणजे खोली, सावली, चमक वेगवेगळी काढून जुळवता येते. दुसऱ्यानं अर्धवट टाकलेला शॉट तू उघडून पुढे नेऊ शकतेस. मोठ्या स्टुडिओत याला फार किंमत आहे, कारण शॉट एका माणसाचा कधीच नसतो.

मला विचारशील तर तू न्यूककडे जा. मालिका बघताना गोष्ट सोडून नायिकेच्या केसांभोवतीची हिरवी कड तुला दिसते, आई वैतागते तरी तू सांगतेसच. ती नजर कॉम्पची, म्हणजे तुकडे जुळवून एक दृश्य करण्याची. मात्र सुरुवातीला रोटोच, म्हणजे एकेका फ्रेमवर आकार कातरण्याचं काम, करावं लागेल. सेकंदाला २४ फ्रेम, पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० फ्रेम, आणि त्यातले हात, बोटं, पदर कातरत बसायचं. शिवाय काम जमलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. हे सलणार असेल तर मोशन ग्राफिक्स (आमची हलती अक्षरं, लोगो) बरं, तिथे केलेलं निदान दिसतं तरी.

पैसे न घालवता बघता येईल. न्यूकची नॉन-कमर्शियल आवृत्ती फुकट आहे. १९२० बाय १०८०च्या वर आउटपुट मिळत नाही, शिकायला तेवढं पुरे. तुझ्या लॅपटॉपला झेपत असेल तर दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअरसुद्धा उतरवून घे; त्याच्या फुकटच्या आवृत्तीतही फ्यूजन हा कॉम्पचा भाग आहे आणि तेही नोडवरच चालतं.

रविवारी येताना रिकामी हार्ड डिस्क आण. ग्रीन स्क्रीनचे दोन-तीन सरावाचे शॉट देतो. केस मोकळे असलेला आधी घे.

तुझा,
बाबा