आमच्या भिंतीत आरपार दगड बसवून घेणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

भूकंपानंतर दोन-अडीच वर्षांनी तुम्ही आमच्या ओसरीत बसून माझ्या आजोबांशी जो वाद घातलात ना, त्याबद्दल थँक्यू म्हणायला हे पत्र लिहितेय. आबांपुढं घरातलं कुणी आवाज काढायचं नाही, आणि तुम्ही डोक्यावरचा पदर सावरत त्यांना तोंडावर सांगितलंत की आबा, भिंत तीन हात रुंद आहे म्हणून घर पक्कं आहे असं समजू नका, ही रुंद भिंतच लेकरांच्या अंगावर येते. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन, दाराआड उभी राहून ऐकत होते. हे पत्र उघड लिहितेय कारण आता गावात नवीन घरं बांधणाऱ्या पोरांना तुम्ही काय केलंय हे माहितीच नाहीये, त्यांच्या लेखी तुम्ही म्हणजे महिला मंडळाच्या जुन्या काकू, बस.

म्हणून ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोकं उशिरा झोपलेली, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. ६.२ रिश्टर म्हणजे जगाच्या हिशोबानं फार मोठा पण नाही, तरी लातूर-उस्मानाबादमधली सुमारे १० हजार माणसं गेली. तेव्हाच्या सरकारी नकाशात आपला भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोका. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये किल्लारीला धक्के बसले होते, लोकं घाबरली पण होती, पण घरं होती तशीच राहिली. पुढं २००२ ला नकाशा बदलला, झोन एक हा प्रकारच काढून टाकला आणि आपण झोन तीनमध्ये आलो.

जी ५२ गावं पार मोडली त्यांना नवीन जागी वसवलं, आणि आपल्यासारख्या तडे गेलेल्या पण उभ्या राहिलेल्या गावांना 'दुरुस्ती व मजबुतीकरण'. जागतिक बँकेच्या मदतीतून सरकारनं हा कार्यक्रम घेतला, पैसे हप्त्यानं मिळायचे. लोकांना घेऊन काम करायची जबाबदारी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडं होती, प्रेमा गोपालन यांच्या, आणि त्यातून गावोगावच्या महिला मंडळाच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. आपल्या गावात तुम्ही झालात. सातवी शिकलेल्या, कधी माप-टेप हातात न धरलेल्या.

आता आमचं घर कसं होतं ते सांगते, म्हणजे तुम्ही नेमकं काय बदललंत ते लोकांना कळंल. आपल्याकडची जुनी घरं सगळी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. सागवानी खांब, त्यावर तुळया, त्यावर सर, किलच, पाला आणि वर पांढऱ्या मातीचा थर. माळवद गळायला लागलं की दर उन्हाळ्यात वर आणखी माती टाकायची, खालची कुणी काढायचं नाही, असं वर्षानुवर्षं करत फूट-दीड फूट, कुठं त्याहून जास्त मातीचं वजन डोक्यावर. आणि भिंती काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या. भिंत बाहेरून एकसंध दिसते पण मुळात त्या दोन भिंती असतात, आतल्या अंगाची एक, बाहेरच्या अंगाची एक, मधे नुसती माती आणि कपच्यांची भर. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा एकही दगड नाही. जमीन हलली की मधली भर खाली बसते, भिंतीला पोट येतं आणि दोन्ही अंगं दोन्हीकडं कोसळतात. किल्लारीकडं कितीतरी घरांत लाकडाचे खांब तसेच उभे राहिले आणि भिंतींनी माणसं गाडली, हे ज्यांनी पाह्यलं ते आजही सांगतात.

तुम्ही हे सगळं प्रशिक्षणात ऐकून आलात आणि देवळात बायकांना बसवून इंजिनियरच्या भाषेत नाही तर आपल्या भाषेत सांगितलंत. कडब्याची पेंढी आळ्याशिवाय, म्हणजे बांधल्याशिवाय उभी करून दाखवा, म्हणालात. आळा सुटला की ताटं चारी दिशांना जातात, घराचं तसंच आहे, घराला आळा घालायचाय. माझी आजी ते ऐकून घरी आली आणि तिनं आबांना हेच सांगितलं, मला वाटतं तुमच्या वादापेक्षा आबा त्या पेंढीनं जास्त हलले.

पण सगळ्यात आधी तुम्ही हे स्वतःच्या घराला केलंत. लोकं बघायला यायची. मिस्त्रीनं भिंतीत पहारीनं हळूहळू एकेक दगड काढून आरपार भोक पाडलं, ठोकाठोकी करायची नाही नाहीतर आहे ती भिंत पण ढिली होते, त्यात दोन्ही टोकांना आकड्यासारखी वाकवलेली सळई घातली आणि काँक्रीट भरलं. झाला आरपार दगड. साधारण मीटर-मीटरवर, वरच्या ओळीतले खालच्या ओळीच्या बरोबर डोक्यावर न घेता मधोमध. मग भिंतीच्या वरच्या अंगाला चहूबाजूंनी जाळीचा पट्टा ठोकून त्यावर सिमेंटचा गिलावा, म्हणजे चारी भिंती एकमेकींना धरून राहतील. खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरक्या पट्ट्या. आणि माळवदावरची जादाची माती उतरवली. ती उतरवताना गावातली निम्मी लोकं म्हणत होती की आता पावसाळ्यात भिजून मरणार ही बाई, तुम्ही पातळ थराखाली प्लास्टिकचा कागद अंथरून घेतलात आणि त्या पावसाळ्यात तुमचं माळवद गळलं नाही. मग आमच्या आळीतल्या घरांची माती धडाधड उतरायला लागली, आमची पण.

आबांचं एकच म्हणणं होतं की आलेल्या पैशात दोन खोल्या आरसीसीच्या काढू, जुन्या घराला काय हात लावायचा. बऱ्याच जणांचं तेच होतं, दगडाची भीती बसली होती लोकांच्या मनात, कितीतरी जण पत्र्याच्या शेडमधून उठून घरात झोपायलाच तयार नव्हते. तुम्ही म्हणालात नवीन खोल्या काढा की, पण झोपणार तर जुन्यातच ना, जनावरं बांधणार, बाळंतीण ठेवणार ती जुन्यातच ना. हे अगदी खरं होतं. आमच्याकडं आजही तसंच आहे, नवीन खोली पाहुण्यांना आणि सगळं घर जुन्या खणात.

काम सुरू झाल्यावर तुम्ही जे केलंत ते मला सगळ्यात मोठं वाटतं, कारण ते कष्टाचं होतं आणि त्यात कुणी वाहवा करत नव्हतं. काँक्रीटला निदान आठवडाभर, जमलं तर त्याहून जास्त दिवस पाणी मारावं लागतं, नाहीतर त्यात ताकदच येत नाही. आपल्या गावात प्यायला पाणी नाही, हापशावर रांगा, आणि पाणी आणायचं कुणी तर बायकांनी. गडी माणसं दोन दिवसांनी म्हणायची झालं घट्ट, बास. तुम्ही घरोघर जाऊन ओली पोती लावायला शिकवलंत, म्हणजे थोड्या पाण्यात भागतं आणि ओल टिकते. रोज संध्याकाळी चक्कर, पोत्याला हात लावून बघायच्या. वाळूत माती किती आहे बघायला बाटलीत वाळू-पाणी हलवून ठेवायला शिकवलंत, वाळू खाली बसते, माती वर थरात दिसते. एका ठेकेदाराची आख्खी ट्रॉली तुम्ही बायका परत पाठवली होती, तो गावभर ओरडत फिरला, तरी तुम्ही हटला नाहीत. सातवी शिकलेली बाई साहेबाला विचारते की या घरात आरपार दगड कमी का भरलेत, आणि साहेब मोजतात, आणि खरंच कमी निघतात. आमच्या वयाच्या पोरींनी हे डोळ्यांनी बघितलं काकू. त्याचं काय झालं ते आमच्याकडं बघून कळंलच तुम्हाला.

आणि ती आमची बोळ. दोन्हीकडं उंच दगडी भिंती, मधून एक बैलगाडी जेमतेम. ज्या गावांत भूकंपात लोकं दारातून बाहेर पडली तीसुद्धा अशाच बोळांत दोन्हीकडच्या भिंतींखाली सापडली, आणि नंतर वाट दगडांनी भरली म्हणून मदत करणाऱ्यांना आत शिरता येईना. तुम्ही कोपऱ्यावरच्या दोन घरांच्या मागं लागून, किती महिने ते देव जाणे, पडकी भिंत पुन्हा उभी करताना मागं सरकवून घेतलीत. चार फुटासाठी भाऊबंदकी होते आपल्याकडं. आज त्या बोळातून ट्रॅक्टर जातो, आईला दवाखान्यात न्यायला ॲम्ब्युलन्स थेट दारापर्यंत आली.

२००१ ला भुजचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छला गेल्या तिथल्या बायकांशी बोलायला, तुम्ही पण गेलात. आल्यावर तुम्ही म्हणालात भाषा वेगळी पण रडणं आणि प्रश्न तेच, हप्ता कधी येणार आणि मिस्त्री कुठं मिळणार. लोकांची भीती एका सुगीपुरती टिकते, पीक आलं की विसरतात. तुम्ही ती सुगी गेल्यावरही दारोदार जात राहिलात, म्हणून तर गावात इतक्या घरांचं काम पुरं झालं.

ओढ्यावरच्या पुलाचं पण लिहिते. जुना नळकांडी पूल, पाईपात झाडाच्या फांद्या अडकायच्या, पाणी वरून जायचं आणि गाव तुटायचं. प्रत्येक ग्रामसभेत तुमचा एकच विषय असायचा, पूल मोठ्या गाळ्याचा करा आणि दोन्ही बाजूच्या भरावाला दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर दगडांचं अस्तर, करा. मी नंतर नांदेडला डिप्लोमा केला, रस्त्यांच्या कामावर आहे, म्हणून सांगते की तुमचं बरोबर होतं, पुरात पुष्कळदा पूल उभाच राहतो, वाहून जातो तो त्याला लागून असलेला भराव, आणि रस्ता तिथंच तुटतो. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या मराठवाड्यात जो पाऊस झाला, धाराशिव, लातूर, बीडकडची शेतं खरवडून गेली, तेव्हा आपल्या ओढ्याचं पाणी पुलाला टेकलं, पण रस्ता राहिला. दुधाची गाडी दुसऱ्या दिवशी आली असं भावानं फोनवर सांगितलं.

आता काळजीचं. २०२४ ला मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीकडं ४.५ चे धक्के बसले, नांदेडला आमच्या बिल्डिंगमधली सगळी खाली पळाली. घर हललं की माणसाला पहिलं आठवतं ते माहेर. मी सुट्टीत येऊन आपल्या घराच्या भिंती बघितल्या, तुमचे आरपार दगड जागच्या जागी, पट्ट्याला एक केसाएवढी चीर आहे ती भरून घेतली. पण गावात फिरले तर जीव घाबरला. कुणी जुन्या मातीतल्या दगडी भिंतीवर थेट स्लॅब टाकलाय. कुणी शटर बसवायला कोपऱ्यालगतचीच भिंत कापली आणि तुमचा पट्टा तिथं तोडला. माळवद गळतं म्हणून दोघांनी पुन्हा माती चढवलीये. बांधणारी पोरं चांगली आहेत, हाताला सफाई आहे, पण १९९३ नंतर जन्मलेली, त्यांना कुणी सांगितलंच नाही की हे कशासाठी होतं.

काकू, तुमचे गुडघे दुखतात हे मला माहितीये, म्हणून गावभर फिरा असं म्हणत नाही. शाळेशेजारच्या घराचं काम दिवाळीनंतर सुरू होणार आहे, मालक माझ्या भावाचा मित्र, त्यानं कबूल केलंय. मी येते, मिस्त्रीला आणि त्याच्या दोन पोरांना तुमच्या घरी घेऊन येते, तुमच्या ओसरीतल्या भिंतीत आरपार दगड कुठं कुठं आहेत ते तुम्ही खुर्चीवर बसून काठीनं दाखवायचं, बाकीचं मी लिहून घेते. आई म्हणतीये जेवायला आमच्याकडंच या.

तुमची,
शेजारच्या वाड्यातली पोरगी