कागदावर जे आहे तेच विणणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

हे पत्र तुम्हाला न विचारता सगळ्यांसमोर लिहितेय. विचारलं असतं तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषयच मिटवला असता. तुमचं नाव इथेही घालत नाही, कारण ते तुम्ही कुठल्याच पॅटर्नवर, म्हणजे विणायच्या सूचनांच्या कागदावर, छापू दिलं नाहीत. पण पहिल्या पानावर डिझायनर म्हणून माझं नाव ठळक अक्षरात असतं, स्वेटर अंगावर नीट बसला की लोक मला फोटो पाठवतात, माझं कौतुक करतात. तो स्वेटर नीट का बसला, हे त्यांना कधीतरी कळायला हवं. ते सांगायला हे पत्र.

विणकामाच्या बाहेरच्या माणसांना टेस्ट निटर म्हणजे काय हे ठाऊक नसतं. डिझायनर स्वेटर विणते, तो कसा विणायचा ते ओळीओळीने लिहून काढते, सगळ्या मापांचं गणित मांडते. मग पॅटर्न लोकांच्या हाती जाण्याआधी कुणीतरी दुसऱ्या बाईने तो वाचून, पहिल्या टाक्यापासून शेवटच्यापर्यंत विणून बघायचा असतो. ती दुसरी बाई तुम्ही. आणि पहिल्याच वेळी तुम्ही मला एक अट घातलीत: "मी कागदावर आहे तेच विणणार. तुझ्या मनात काय होतं ते मला मधेच सांगायचं नाही."

त्या अटीचं मोल मला कामात मुरल्यावर कळत गेलं. माझ्या कामाचा सगळ्यात आनंदाचा भाग सुयांवर घडतो. एखादी वेणीची वीण घालताना दोन टाके मागे ठेवण्याऐवजी तीन ठेवून बघते, तिच्या कडेला एक उलटा टाका जास्त सोडते, आणि अचानक नमुना उठून दिसायला लागतो. त्या वेळी डोकं काही बोलत नसतं, हातच ठरवत असतात. पण हात जे करतात ते सगळं कागदावर उतरत नाही. ओळीचा पहिला टाका मी न विणता उचलते, गळ्याच्या वळणावर लोकर किंचित ओढून घेते, काखेतले टाके उचलताना भोक राहू नये म्हणून एक जादा टाका उचलून पुढच्या ओळीत तो जोडते. मला हे करताना जाणवतही नाही, मग लिहिणार कुठून? अनुभवी बाईला असा पॅटर्न दिला तर ती आपल्या अकलेने मधल्या जागा भरून घेते आणि "छान झालाय" म्हणते. तुमच्याकडे दुप्पट अनुभव असूनही तुम्ही एकही जागा भरली नाहीत. काखेतलं भोक जसंच्या तसं ठेवून त्याचा फोटो पाठवलात.

"त्याच वेळी" हे दोन शब्द तुम्हाला आठवत असतीलच. स्वेटरच्या पुढच्या बाजूला मुंढ्याचे (बाही जोडायच्या वळणाचे) टाके घटवत असतानाच गळ्याचेही घटवायला सुरुवात करायची असते. मुंढ्याच्या सूचना पूर्ण लिहून झाल्यावर पुढच्या परिच्छेदात "त्याच वेळी गळ्यासाठी..." असं लिहायची या धंद्यातली सर्रास पद्धत आहे. तुम्ही मुंढा शेवटपर्यंत विणलात, पुढचा परिच्छेद वाचलात आणि सोळा ओळी उसवल्यात. मग फोन करून शांतपणे म्हणालात, "वाचणारीच्या सुईवर वीण खालून वर जाते, पण तिचा कागद वरून खाली वाचला जातो. पुढे काय होणार आहे ते आधी सांग." आता माझ्या प्रत्येक पॅटर्नमध्ये तसा भाग सुरू होण्याआधी एक ओळ असते: "पुढचे दोन परिच्छेद आधी वाचून घ्या, दोन्हीकडची घट एकत्र चालणार आहे." मोठ्या साइझसाठी तर ओळींचा तक्ताच देते, म्हणजे कुठल्या ओळीत मुंढा, कुठल्या ओळीत गळा, कुठल्या ओळीत दोन्ही, हे शोधत बसावं लागत नाही.

"दुसरी बाजू पहिलीप्रमाणे, पण उलट विणावी" या वाक्यावरचा तुमचा राग मला मनापासून पटतो. लिहिणारीचे चार ओळींचे कष्ट वाचतात आणि विणणारीची संध्याकाळ जाते. दोन टाके एकत्र सुलटे विणले की घट उजवीकडे झुकते. डावीकडे झुकणारी हवी असेल तर ते दोन टाके एकेक करून सुलटे उचलायचे, परत डाव्या सुईवर घ्यायचे आणि मागच्या बाजूने एकत्र विणायचे. गळ्याच्या दोन्ही कडा आरशातल्यासारख्या दिसायच्या असतील तर कुठे कोणती घट, हे लिहायलाच हवं. पान वाढलं तर वाढू दे.

मापाच्या तुकड्याबद्दल, म्हणजे स्वेटरआधी टाके मोजायला विणून बघायच्या छोट्या चौकोनाबद्दल, तुम्ही जितक्या काटेकोर आहात तितकं मी कुणालाच पाहिलेलं नाही. नव्या विणणाऱ्या मला हमखास विचारतात की तो छोटा चौकोन विणणं खरंच गरजेचं आहे का. त्यांच्यासाठी तुमचंच गणित इथे मांडते. पॅटर्नवर १० सेमीत २२ टाके लिहिलेले आहेत. छातीचा घेर १०० सेमी हवा तर २२० टाके. आता हात जरा घट्ट असेल आणि १० सेमीत २४ टाके बसत असतील, तर त्याच २२० टाक्यांचा घेर ९२ सेमीसुद्धा भरत नाही. हात सैल असेल, २० टाके येत असतील, तर ११० सेमी. दोन टाक्यांचा फरक बोटभर तुकड्यावर दिसतही नाही, अंगावर मात्र तो एका साइझचा होतो.

आणि तो तुकडा धुऊन वाळवल्याशिवाय तुम्ही कधी मोजलाच नाहीत. सुपरवॉश मेरिनोवर (मेरिनो मेंढीच्या, मशीनमध्ये धुता येणाऱ्या लोकरीवर) प्रक्रिया करून तंतूंवरचे खवले निष्क्रिय केलेले असतात, म्हणून ती मशीनमध्ये आटत नाही. पण खवले नसले की तंतू एकमेकांना धरूनही ठेवत नाहीत, आणि ओली झाल्यावर वीण पसरते, लांब होते. तुम्ही दोन्ही मापं, धुण्याआधीचं आणि नंतरचं, शेजारी शेजारी लिहून पाठवता. माझ्या पॅटर्नमधलं "धुऊन वाळवल्यावरचं माप" हे सगळं तुमच्या त्या चिठ्ठ्यांमधून आलंय.

आता ज्या गोष्टीसाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे ती. तुम्ही सगळ्यात मोठा साइझ मागून घेतलात. टेस्ट निटिंगला लोक मिळतात, पण लहान आणि मधल्या मापांसाठी. मोठ्या मापाला लोकर जास्त लागते, वेळ जास्त लागतो. तुमच्या साइझला छातीचा घेर १५० सेमी, म्हणजे ३३० टाके. काखेपर्यंत ४० सेमी विणायचं तर, १० सेमीत ३० ओळी धरून, १२० ओळी. बाह्या आणि गळा धरले नाहीत तरी ३९,६०० टाके झाले. इतकं सगळं कुणी दुसरीच्या कागदावर विसंबून विणतं, यातला विश्वास मला रोज नव्याने जाणवतो.

मापं वाढवणं म्हणजे सगळ्या आकड्यांना एकाच पटीने गुणणं नव्हे, हे प्रत्येक डिझायनर तोंडाने म्हणते. तुमच्या अंगावर ते मी पाहिलं. छातीचा घेर पन्नास सेंटीमीटरने वाढतो तेव्हा खांदे त्या मानाने फारच थोडे रुंद होतात, आणि गळा तर जेमतेम. गळ्यापासून खाली विणत आणायच्या रॅग्लनमध्ये (गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या रेषा असलेल्या स्वेटरमध्ये) साधारणपणे एकाआड एक ओळीला ८ टाके वाढतात. लहान साइझमध्ये काखेशी पोचेपर्यंत हवे तेवढे टाके जमलेले असतात. मोठ्या साइझमध्ये छातीपुरते टाके जमेस्तोवर मुंढा कमरेकडे उतरायला लागतो आणि बाह्या नको तितक्या रुंद होतात. उत्तर तुम्ही आणि मी फोनवर बसून काढलं. धडाचे टाके भराभर वाढवायचे, काही ठिकाणी प्रत्येक ओळीला. बाहीचे सावकाश. राहिलेली कसर काखेत जादा टाके घालून भरून काढायची. शिवाय पुढच्या भागात अर्ध्या ओळी (शेवटपर्यंत न विणता मधूनच परत फिरायच्या ओळी) घालून छातीपाशी लांबी दिली, म्हणजे खालची बॉर्डर पुढून वर चढत नाही. तुम्ही तो घालून हात वर केलेत, खाली केलेत, वाकलात आणि मगच "हं" म्हणालात. त्या मापाच्या बायका आता मला लिहितात की हाताने विणलेलं काही पहिल्यांदाच अंगाला नीट बसलं. ही पत्रं मी तुम्हाला पुढे पाठवत असते. ती खरं तर तुमच्याच पत्त्यावर यायला हवीत.

विणकामाच्या जगात एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांचं नाव सगळ्या जणी आदराने घेतात. स्वेटरचा एक मुख्य घेर धरायचा आणि बाही, मनगट, गळा हे सगळं त्याच्या टक्क्यांत काढायचं, ही रीत त्यांनी घरोघरी पोचवली. त्यांनी गोल सुईवर विणायला म्हणून लिहिलेल्या सूचना एका मासिकाने बदलून सपाट, तुकड्यातुकड्याने विणायच्या करून छापल्या. त्यानंतर १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचं पत्रक काढायला सुरुवात केली. ही गोष्ट वाचली तेव्हा मला तुमची आठवण झाली. दुसरीचं काम तपासायला घेणाऱ्या माणसाला त्यात आपली पद्धत घुसवायचा मोह फार होतो. तुम्हाला माझ्यापेक्षा सोपा गळा विणता येतो, हे मला माहीत आहे. तरी माझ्या विणीबद्दल एकदाही तुम्ही "असं कर" म्हणाला नाहीत. "इथे मला कळलं नाही" एवढंच म्हणालात आणि वाट माझी मला शोधू दिलीत. माझी वीण माझी राहिली ती त्यामुळे.

डिझायनरचा दिवस बाहेरून रंगीत दिसतो. प्रत्यक्षात सकाळचे तास आकड्यांच्या तक्त्यात जातात, दुपार चार्ट काढण्यात, आणि हातात सुया घ्यायला उशिरा संध्याकाळ उजाडते. काही आठवडे असे येतात की काहीच सुचत नाही, सगळ्या विणी आधी कुणीतरी केलेल्याच वाटतात. अशाच एका लांबलेल्या काळात तुम्हाला म्हटलं होतं की नवीन काही येतच नाही. तुम्ही मला धीर वगैरे दिला नाहीत. म्हणालात, "उरलेली करडी लोकर आहे ना? तिच्यात फक्त सुलट्या-उलट्याने काय होतं ते बघून मला तुकडा पाठव." रंग नाही, वेणी नाही, जाळी नाही. उलटे टाके सुलट्यांच्या मध्ये आडवे घातले की उठून येतात, उभे घातले की आत बुडतात. एवढ्या एका गोष्टीशी खेळत बसले आणि त्या तुकड्यातून पायऱ्यांची शाल निघाली. ती आजही सगळ्यात जास्त विणली जाते.

एक बोलून टाकते, कारण ते सगळ्यांसमोरच बोलायला हवं. टेस्ट निटरला बहुतेक वेळा पॅटर्नची एक प्रत मिळते आणि धन्यवाद मिळतात. लोकर तिची, वेळ तिचा. हौस आहे म्हणून करते, असं म्हणून हा विषय संपवला जातो. मला हे पटत नाही. हौस डिझायनरलाही असते, तरी ती पॅटर्न विकतेच. ज्या कामावर माझ्या नावाची पत उभी आहे त्या कामाचं मानधन द्यायला हवं, आणि ज्या डिझायनर नव्याने सुरुवात करतायत त्यांनी ते पहिल्या पॅटर्नपासून हिशोबात धरावं.

परवाच्या तुमच्या चिठ्ठीचं उत्तर राहिलंय, तेही इथेच देते. कार्डिगनच्या बटणपट्टीसाठी कडेचे टाके उचलताना दर चार ओळींमागे तीनच टाके का, हे कारण पॅटर्नमध्ये लिही, नवी बाई गोंधळेल, असं तुम्ही म्हणालात. लिहिलंय. टाका उंचीपेक्षा रुंद असतो. आपल्या मापात १० सेमीला ३० ओळी आणि २२ टाके येतात, म्हणून ३० ओळींच्या कडेला साधारण २२ टाकेच बसतात. प्रत्येक ओळीतून टाका उचलला तर पट्टीला झालर पडते. बटणांचं अंतरही बदललंय. छातीच्या सगळ्यात रुंद जागी आधी एक बटण ठरवायचं आणि बाकीची त्याच्या वर-खाली मोजायची, हे तुमचं म्हणणं तसंच घेतलंय, सगळ्या साइझना.

सुधारलेली प्रत या आठवड्यात पाठवते. सोबत लोकर माझ्याकडून येईल आणि मानधनही, आणि या वेळी त्यावर तुमचं काहीही ऐकणार नाही. तुमचा साइझ तुमच्यासाठी राखून ठेवलाय. सुया ३.७५ मिमीच्या घ्या, तुमच्या घट्ट हाताला त्या बरोबर पडतील.

तुमची,
विणणारी पोर