टाकळ्याची भाजी आणि सिस्टरांची वही

ठाणे, 20 एप्रिल

ती. आई आणि बाबांना सा. न.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि आई, तू दोन मिनिटांत "तुझा स्वयंपाक राहिला असेल, ठेव आता" म्हणतेस. म्हणून हे पत्र. तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे आणि एक मागायची आहे.

12 मे म्हणजे फ्लोरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस, परिचारिका दिन. त्या दिवशी आईच्या हॉस्पिटलात एका नर्सचा सत्कार होतो आणि नाव ठरवताना पेशंटांनी लिहिलेलं वाचतात. मी आपल्या सिस्टरांचं नाव दिलं आहे. अर्ज लिहायला बसले तेव्हा जाणवलं की त्यांनी केलेलं सगळं तुम्हाला ठाऊकच नाही. काही तर मीच लपवून ठेवलं होतं.

आई, गेल्या जुलैत तुझा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, 1.6 आला, आठवतं? हृदयाचा वॉल्व्ह बदलल्यापासून तो अडीच ते साडेतीनमध्ये राहायला हवा. रक्त पातळ करायची गोळी न घेणाऱ्या माणसाचा साधारण 1 असतो, म्हणजे तुझ्या गोळीचा असर जवळजवळ उतरलाच होता. अशा वेळी धातूच्या वॉल्व्हवर गाठ धरू शकते आणि ती निसटून मेंदूत जाऊ शकते. देवरुखच्या लॅबचा रिपोर्ट मी संध्याकाळी सिस्टरांना पाठवला आणि रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. त्यांची ड्युटी तेव्हा केव्हाच संपली होती. डॉक्टरांशी बोलूनच त्यांनी फोन केला होता. पोटात घ्यायची इंजेक्शनं कोणती, किती, कधी, हे त्यांनी मला लिहून घ्यायला लावलं आणि सकाळी आपल्या आरोग्य केंद्रातल्या नर्सशी स्वतः बोलल्या. मग मला म्हणाल्या, "रात्री आईला दोनदा फोन करा. बोलणं अडखळतंय का, तोंड वाकडं होतंय का, हात वर उचलता येतो का, एवढंच बघा." मी तुला तेव्हा झोपेतून उठवून "कपाटातला पितळी डबा काढ बघू" म्हणाले होते, तो हात उचलायला लावण्यासाठी. तुम्ही घाबराल म्हणून खरं कारण सांगितलं नाही. बाबा, त्याबद्दल रागावू नका.

डॉक्टरांनी गोळी वाढवायचं ठरवलं होतं. पण सिस्टरांना चैन पडेना. गोळी चुकली नाही, औषध बदललं नाही, मग आकडा खाली आला कसा? दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला विचारलं, "आजी, पावसात पाला खाता का?" आणि तू सगळं सांगून टाकलंस: टाकळा, अळूचं फदफदं, पुन्हा टाकळा. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या उलट काम करतं. आणि आपल्याकडे आषाढ लागला की दुसरं शिजतं काय?

सिस्टर मूळच्या केरळातल्या, कोट्टायमकडच्या. त्यांच्याकडे कर्किडकम या ऐन पावसातल्या महिन्यात दहा प्रकारचा पाला खायची रीत आहे, आणि त्यात टाकळाही असतो. ते त्याला तकरा म्हणतात. "माझी अम्मापण हेच करते," असं त्या हसत म्हणाल्या. आई, किती जणांनी तुला तपासलं, पण तू काय रांधतेस हे विचारणाऱ्या त्या एकट्याच. आणि विचारून वर "बंद करा" म्हणाल्या नाहीत. घाबरून तू मेथीसुद्धा सोडली असतीस, ते त्यांनी ओळखलं. खा, पण दर आठवड्याला सारखं खा, म्हणजे गोळीचा मेळ त्याच्याशी बसवता येतो. ऐन पावसात गोळी वाढवून ठेवली असती, तर पाला संपल्यावर भाद्रपदात तुझं रक्त नको तेवढं पातळ झालं असतं. हे मला डॉक्टरांनीच नंतर सांगितलं, सिस्टरांचं नाव घेऊन.

गुडघ्याच्या गोळीचंही तसंच. औषधाच्या दुकानातून बाबा तुझ्यासाठी ती दुखण्याची गोळी आणत होते, आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर ती चालत नाही. तुझ्या दंडावरचे निळे डाग बघून सिस्टरांनी ते काढून घेतलं, आणि बाबांना एक शब्द बोलल्या नाहीत. पाकीट मागितलं, नाव वाचलं, म्हणाल्या, "याच्याऐवजी डॉक्टरांना विचारून दुसरी देते." बाबा, तुम्हाला अपराधी वाटू नये म्हणून त्यांचा आवाज किती हळू झाला होता, ते मी शेजारी उभी राहून ऐकलं आहे.

गेल्या महिन्यात त्यांची वही पाहिली. लांबडी, निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे चिकटपट्टीने धरलेली. प्रत्येक वॉल्व्हवाल्या पेशंटाला एक पान. तुझ्या पानावर तारखा, आकडे, गोळीचे अर्धे-पाऊण, आणि समासात पेन्सिलीनं "जून ते सप्टेंबर: पाला विचारा". त्याखाली "दात काढायचा झाल्यास आधी मला फोन". अगदी तळाशी अजून एक ओळ होती: "बाबांना डाव्या कानाने ऐकू येतं. त्या बाजूला बसून सांगा."

बाबा, त्या नेहमी तुमच्या डावीकडे खुर्ची का ओढतात, ते मला तेव्हा कळलं. तिथेच डोळे भरून आले. अशी पानं त्या वहीत किती असतील! प्रत्येकात कुणाचं तरी गाव, कुणाची तरी सवय.

आता मागणं. अर्जाला माझं लिहिलेलं पुरेल, पण आई, मला तुझ्या हातचं हवं. चार ओळी लिही. शुद्धलेखन बघू नकोस. रात्री सगळं शांत झालं की छातीतल्या वॉल्व्हची टिकटिक ऐकू येते आणि भीती वाटते, असं तू सांगितलंस तेव्हा त्या काय म्हणाल्या होत्या, ते लिही. ते फक्त तुला माहीत आहे. मला तू कधी सांगितलं नाहीस. बाबा, तुम्हीही खाली दोन शब्द लिहा. 5 मेपर्यंत माझ्या हाती येईल असं पोस्टात टाका, नाहीतर मुंबईला येणाऱ्या कुणाजवळ द्या.

2 तारखेची रक्ततपासणी चुकवू नका. आणि पहिल्या पावसात टाकळा उगवला की हात राखून खुडा. बुधवार आणि रविवार, एक-एक वाटी. सिस्टरांना मी तसं कळवून ठेवते.

तुमची,
बाय